मराठीतलं शेवटचं वर्ष

आमच्याकडं, म्हणजे कर्नाटकातल्या बेळगाव तालुक्यात, हायस्कूल तीन वर्षांचं. सातवीपर्यंत गावातली प्राथमिक शाळा, मग आठवी, नववी, दहावी. महाराष्ट्रातल्या, चंदगड-कोल्हापूरकडच्या पाहुण्यांना हे दर लग्नात नव्यानं सांगावं लागतं, कारण त्यांची हायस्कुलं पाचवीपासून सुरू होतात. आम्हाला एकमेकांशी जुळवून घ्यायला तीनच वर्षं मिळतात. त्यातलं पहिलं ओळखी करण्यात जातं, दुसरं रुसव्याफुगव्यात, आणि तिसऱ्या वर्षी एसएसएलसी, म्हणजे दहावीची बोर्डाची परीक्षा, मानगुटीवर बसते. तरीही आमची २०१७ ची बॅच आज जी काही एकत्र आहे, ती त्या तिसऱ्या वर्षानं केली, असं माझं मत. ग्रुपवरच्या काहींना ते पटत नाही. ते सायकलींचं नाव घेतात.

तर आधी सायकली. सरकारी आणि अनुदानित शाळेत आठवीत आलेल्या मुलामुलींना तेव्हा कर्नाटक सरकार सायकल द्यायचं, २००६-०७ पासून. आमच्या हायस्कुलात बेळगाव-वेंगुर्ले रस्त्यालगतच्या चार-पाच गावांची पोरं यायची. काही उचगाव-बेकिनकेरे पट्ट्यातली, काही बाचीकडची. २०१४ च्या जूनमध्ये वर्ग भरला तेव्हा जो तो आपापल्या गावच्या बाकावर. दुसऱ्या गावचं कोणी शेजारी आलं की दप्तर मध्ये यायचं. मग सायकली आल्या, सगळ्या एकसारख्या. शाळा सुटली की भिंतीलगत नुसता गोंधळ. "अगे ती माझी हाय, सोड की!" कुणी हँडलला रिबन बांधली, कुणी चाकाला लिंबू-मिरची लावली, आणि एकानं घरातला उरलेला ऑइलपेंट काढून मडगार्डवर स्वतःचं आडनाव एवढं मोठं रंगवलं की गावात सगळे त्याला त्या सायकलीवरूनच ओळखायला लागले. आमच्या वर्गात पाटील भरपूर, तेव्हा आडनाव लिहून सायकल वेगळी करायचा त्याचा बेत तसा फसलेलाच होता. पण सायकल ढकलत गप्पा मारत जाताना गावांच्या सीमा थोड्या पुसल्या, हे मी मान्य करते.

पावसाळ्यात सायकल घरी. बेळगाव तालुक्याच्या पश्चिमेला जून ते सप्टेंबर जो पाऊस लागतो, त्यात आतल्या रस्त्यांवर सायकल आपण चालवत नाही, खांद्यावर घेतो. मग बस. पास कर्नाटकाच्या बसचा. त्याच रस्त्यानं महाराष्ट्राची एसटीही जायची, कारण बाची संपली की शिनोळी, आणि शिनोळी महाराष्ट्रात. एसटी बऱ्याचदा मोकळी असायची, पण तिच्यात आमचा पास चालायचा नाही. समोरून मोकळी लाल गाडी निघून जायची आणि आम्ही आपल्या गाडीची वाट बघत भिजायचो. सीमाभागाचा प्रश्न मला पुस्तकातून कळला नाही, त्या थांब्यावर कळला. कुठं काही पेटलं की दोन्हीकडच्या गाड्या बंद, आणि मग सगळे चालत. चालत जाण्याचे दिवस मात्र मजेचे, कारण उशिरा पोचलं तरी कोणी काही बोलायचं नाही.

आठवीतच एक नोव्हेंबर आला, २०१४ चा. दरवर्षी त्या दिवशी शाळेत राज्योत्सवाचं, म्हणजे कर्नाटकाच्या स्थापना दिनाचं, झेंडावंदन, नाडगीत म्हणजे राज्यगीत, आणि त्याच सकाळी शहरात, बेळगाव महाराष्ट्रात हवं म्हणणाऱ्या मराठी लोकांचा काळा दिवस, सायकल फेरी. शाळेत गीत म्हणायचं आणि घरी आलं की बाबा काळी फीत लावून शहरात गेलेले. आम्हाला त्यात विचित्र काही वाटायचं नाही. त्या वर्षी वेगळं एवढंच की राज्यातल्या बारा शहरांची नावं त्या दिवसापासून सरकारी कागदांवर बदलली, त्यात बेळगावचं बेळगावी झालं. आमच्या वह्यांवर पत्त्यात 'ता. जि. बेळगाव' लिहिलेलं होतं. दहावीच्या कागदांवर 'बेळगावी' आलं. बोलताना आजतागायत कुणाच्या तोंडून 'बेळगावी' निघालेलं मी ऐकलेलं नाही. बसचा कंडक्टरसुद्धा 'बेळगाव, बेळगाव' असंच ओरडतो.

नववीबद्दल सांगण्यासारखं फार नाही. चाचण्या, प्रकल्प, आणि मुलीमुलींत झालेलं एक मोठं भांडण, ज्याचं कारण आता कोणालाच आठवत नाही.

दहावीचं वर्ष जूनमध्ये सुरू होत नाही, ते मेमध्येच सुरू होतं. सुट्टीत जादा तास. आमच्या काही पोरी डोक्यावर काजूची पाटी ठेवून थेट बागेतून तासाला यायच्या, बोटं काजूच्या चिकानं काळी पडलेली. जुलै-ऑगस्टमध्ये नट्टी, म्हणजे भाताची लावणी, लागली की वर्ग निम्मा. नाचणा, रताळ्याचे वेल, सगळ्याला हात लागतात. सरांनी हे मान्य करून टाकलं होतं. गणिताचे सर म्हणायचे, "नट्टी करून या, पण संध्याकाळी वही घेऊन या." आणि खरंच संध्याकाळी चिखलाच्या पायांनी पोरं यायची.

मग नावांची यादी. बाहेरच्या माणसाला हा भाग किरकोळ वाटेल, पण आमच्यासाठी तो वर्षातला सगळ्यात गंभीर दिवस होता. बोर्डाकडं पाठवायची नामावली मुख्याध्यापकांनी वर्गात आणली आणि टेबलावर पसरली. नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख. इंग्रजीत आणि कन्नडमध्ये. "इथं जे छापून येईल ते मरेपर्यंत तुमच्याबरोबर राहणार," मुख्याध्यापक म्हणाले. "पासपोर्ट, फौज, बँक, सगळीकडं हेच मार्क्स कार्ड मागतात." एकेक करून पुढं जायचं, बोट ठेवून वाचायचं आणि सही करायची. इंग्रजी सगळ्यांना वाचता येत होतं. कन्नडच्या ओळीवर मात्र पोरं अडायची आणि मागून कोणीतरी जोरात वाचून दाखवायचं. माझ्या वडिलांच्या नावातलं एक अक्षर गळालं होतं, ते बाचीच्या मैत्रिणीनं पकडलं. एकाचं पहिलीच्या दाखल्यापासून घरातलं लाडाचं नावच लागलेलं होतं आणि ते तोवर कोणाला कळलं नव्हतं. ते बदलायला त्याच्या वडिलांना प्रतिज्ञापत्र, तहसील, पुन्हा शाळा अशा खेपा घालाव्या लागल्या. आजही कोणी धाकट्या भावंडांच्या दहावीबद्दल विचारलं तर मी अभ्यासाचं काही सांगत नाही. एवढंच सांगते, की यादी आली की नाव स्वतः वाच, दोन्ही लिप्यांत, आणि शेजारणीलाही वाचायला लाव.

सहलीचं तर असं झालं, की बदामी-ऐहोळे-पट्टदकल ठरलं, दिवाळीनंतर पैसे गोळा केले, आणि ८ नोव्हेंबर २०१६ ला रात्री टीव्हीवर ५०० आणि १००० च्या नोटा रद्द. आमच्या सहलीच्या पेटीत जवळजवळ सगळ्या ५०० च्याच. दुसऱ्या दिवशी वर्गात सुतक. पेटी सांभाळणारा आमचा वर्गप्रमुख तर असा चेहरा करून बसलेला की नोटा यानंच रद्द केल्यात. शेवटी शाळेच्या क्लार्कनी रांगेत उभं राहून ते पैसे बँकेत भरले, बसचं भाडं चेकनं गेलं, आणि वाटेतल्या खर्चाला घराघरातून शंभराच्या आणि दहाच्या नोटा निघाल्या. भडंग, चिवडा, शेंगदाण्याचे लाडू घरूनच. हॉटेलात जेवायला सुट्टे नव्हते म्हणून ती सहल खाण्याच्या बाबतीत सगळ्यात भारी झाली.

बदामीला माकडांनी लाडू नेले. पट्टदकलला, जे १९८७ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे, आम्ही बहुतेक वेळ फोटो काढण्यात घालवला. लक्षात राहिलं ते ऐहोळे. तिथं टेकडीवर मेगुतीचं जैन मंदिर आहे आणि त्याच्या भिंतीत रविकीर्तीनं रचलेला दुसऱ्या पुलकेशीचा शिलालेख, इसवी सन ६३४ चा. इतिहासाच्या सरांनी आम्हाला त्या उन्हात तिथं उभं केलं. त्यांनी सांगितलं, की पुलकेशीचं राज्य केवढं होतं ते सांगताना इथं तीन 'महाराष्ट्रकं' आणि त्यांतली नव्याण्णव हजार गावं यांचा उल्लेख आहे. म्हणजे आमच्या मुलुखाचं नाव जवळजवळ चौदाशे वर्षांपूर्वी कोरलेलं होतं, आणि ते बागलकोट जिल्ह्यातल्या एका दगडावर. सगळे गप्प. मग मागून एकजण म्हणाला, "सर, आमचे लोक ८६५ गावांसाठी भांडताहेत, आणि हा एका दमात नव्याण्णव हजार घेऊन बसलाय की!" सर हसून खालीच बसले. ८६५ हा आकडा आमच्याकडं शेंबड्या पोरालाही पाठ असतो. महाराष्ट्र ज्या गावांवर हक्क सांगतो ती ही गावं, आणि त्याचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. आमच्यापैकी बहुतेकांचा जन्म त्याच्या दोन-तीन वर्षं आधीचा. दाव्यात आणि आमच्यात थोरलं कोण, एवढाच काय तो फरक.

सहलीहून आलो आणि रात्रीचा अभ्यास सुरू झाला. या भागातल्या बऱ्याच हायस्कुलांत ही पद्धत आहे. जेवून आठच्या सुमाराला सगळ्यांनी शाळेत यायचं, दहा-साडेदहापर्यंत बसायचं. मुलींना न्यायला घरचं कोणीतरी बॅटरी घेऊन यायचं. मुलं तिथंच सतरंज्यांवर झोपायची आणि पहाटे पाचला शिपाईकाका घंटा द्यायचे. आम्हा मुलींच्या घरी पहाटे सरांचा मिस्ड कॉल. उलटा मिस्ड कॉल गेला नाही की अर्ध्या तासात सर दारात, अंगात स्वेटर, डोक्याला मफलर. आईची त्यांना चहा देण्याची गडबड आणि माझी डोळ्यांवर पाणी मारण्याची.

त्या रात्रींचं मला आजही आश्चर्य वाटतं. दिवसा तोच वर्ग, तेच बाक, पण रात्री सगळं वेगळं. गणवेश नाही. कोणी भावाचं जर्किन घालून आलेलं, कोणी आईची शाल पांघरून. शेतातून आलेल्या पोरांच्या अंगाला मळणीच्या भुसाचा वास. करंट जायचाच. मग मेणबत्त्या, आणि मेणबत्त्या लागल्या की अभ्यास कमी आणि गव्यांच्या गोष्टी जास्त. कुणाच्या शेतात गवा आला, कुणाच्या काकांच्या मोटरसायकलसमोर कसा उभा राहिला. गवे आमच्याकडं खरंच येतात, पण त्या गोष्टींतल्या गव्यांचा आकार दर रात्री वाढत जायचा.

जे विषयात कच्चे होते त्यांना शिक्षकांना दत्तक दिलेलं होतं. हा सरकारी भाषेतला शब्द, पण पोरं शिक्षकांना खरंच 'आमचे बाबा' म्हणायला लागली होती. आणि शिक्षकांना पुरेना तेव्हा आम्हीच एकमेकांना वाटून घेतलं. मला विज्ञान जमायचं, गणितात मी मध्यम. ऑइलपेंटवाला पाटील गणितात अचाट होता, पण त्याला लिहायचा कंटाळा. तो पायऱ्या गाळून थेट उत्तर मांडायचा. मी त्याच्याकडून प्रमेयं शिकले आणि त्याच्या मागं लागून त्याला पायऱ्या लिहायला लावल्या. एरवी आठवी-नववीत मुलगा-मुलगी एका बाकावर बसलेले दिसले असते तर गावभर झालं असतं. त्या रात्रींत कोणाला त्याचं भानच नव्हतं. बाईंनाही नव्हतं, किंवा त्या तसं दाखवत नव्हत्या.

मराठीच्या बाईंचा तोरा वेगळाच. कर्नाटकाच्या एसएसएलसीत प्रथम भाषा १२५ गुणांची, बाकीचे पाच विषय शंभराचे, एकूण ६२५. "तुमच्या मातृभाषेला सरकार पंचवीस गुण जास्त देतंय, आणि तुम्ही ऱ्हस्व-दीर्घात घालवताय!" हे वाक्य रोजचं. हिवाळ्यात आमच्या भागात रविवारी कुठं ना कुठं मराठी साहित्य संमेलन असतंच. कडोली, उचगाव, कुद्रेमनी, येळ्ळूर, सांबरा. ग्रंथदिंडी, लेझीम, पुण्या-मुंबईकडचे पाहुणे, दुपारी मंडपात सगळ्या गावाला जेवण. दहावीच्या मुलांना दिंडीत नाचायला बंदी होती, पण जेवण वाढायला बाईंनी आम्हाला सोडलं. वाढता वाढता एका व्याख्यात्याचं भाषण कानावर पडलं, 'सीमाभागातली मराठी टिकली पाहिजे' वगैरे. माझ्या हातात आमटीची बादली. शेजारी भात वाढणारी म्हणाली, "टिकवूलालो की, पण आधी कन्नडात पास व्हायला पायजे."

कन्नडचं खरंच होतं. आम्हाला मराठी पहिली, इंग्रजी दुसरी आणि कन्नड तिसरी भाषा. आमचे कन्नडचे सर बागलकोटकडचे. नोकरी लागून आले तेव्हा त्यांना मराठी अजिबात येत नव्हतं, आणि शाळेच्या बाहेर आम्हाला कन्नडची गरज बाजारात आणि बसमध्ये तेवढी. सर खोली घेऊन एकटे राहायचे. गावाहून कडक भाकरीचा गठ्ठा आणि शेंगाचटणी आणायचे, ती आठवडाभर टिकायची. म्हणजे टिकायला हवी होती. रात्रीच्या अभ्यासात मुलांनी त्या डब्याचा शोध लावला. सरांनी नियम केला, एका भाकरीला पाच वाक्यं, कन्नडमध्ये, न अडखळता. ज्यांना वर्षभर रजेचा अर्ज लिहिता आला नव्हता ते चटणीसाठी घडाघडा बोलायला लागले. व्याकरणाचे हाल व्हायचे, पण सर अडवायचे नाहीत. त्यांची मराठीही तशीच होती. "तुमी पोरी लै हुशार हाय, पण बोलतो कमी," असं म्हणायचे आणि आम्ही हसलो की तेही हसायचे. बसवण्णांची वचनं त्यांनी आम्हाला चालीवर शिकवली. पाठांतराला सोपी, अर्थाला त्याहून सोपी. माझ्या आजीला ती ऐकवली तर ती म्हणाली, हे तर आपल्या तुकोबासारखंच बोलतंय. सरांना हे सांगितलं, तर त्यांनी आजीला भेटायला घरी येऊन चहा घेतला.

माझे बाबा काळ्या दिवसाच्या फेरीला न चुकता जाणारे. तेच घरी म्हणायचे, "कन्नडला नव्वदच्या खाली आणायचं नाही." बाहेरच्यांना यात विसंगती दिसते. आम्हाला दिसत नाही. सक्तीला विरोध आणि भाषेला विरोध या आमच्याकडं दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकासमोरून रोज बसनं जाणाऱ्या माणसाला हे उलगडून सांगावं लागत नाही. १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात गेलेल्यांचं ते स्मारक आहे. सरांनाही हे माहीत होतं. त्यांनी या विषयावर कधी तोंड उघडलं नाही, आम्हीही नाही, आणि शेंगाचटणी चालू राहिली.

फेब्रुवारीत पूर्वतयारी परीक्षा झाली, मग शुभेच्छा समारंभ. तो सगळीकडं होतो तसाच झाला. भाषणं, रडारड, शाळेला भेट म्हणून भिंतीवरचं घड्याळ. आमच्या आधीच्या बॅचनंही घड्याळच दिलं होतं, त्यामुळं ऑफिसात दोन घड्याळं दोन वेळा दाखवायची.

मार्चच्या शेवटी परीक्षा. केंद्र दुसऱ्या गावात. पहिला पेपर प्रथम भाषेचा, म्हणजे मराठीचा. हे एक बरं असतं, पहिल्या दिवशी माणूस आपल्या घरातच असतो. गणिताच्या दिवशी केंद्राबाहेर सगळ्या गावचे पालक, झाडाखाली चटया टाकून बसलेले, लग्नाला आल्यासारखे. आमच्या वर्गासाठी एक ट्रॅक्स गाडी ठरवलेली होती. त्यात आम्ही किती कोंबलेलो होतो ते लिहीत नाही. जाताना सगळे पुस्तकात, येताना सगळे एकमेकांवर ओरडत. "दुसऱ्या प्रश्नाचं काय आलं रे?" "नको सांगूस, नको सांगूस!" ऑइलपेंटवाल्या पाटलानं गणितात सगळ्या पायऱ्या लिहिल्या आणि म्हणून त्याचा एक प्रश्न वेळेअभावी राहून गेला. त्याबद्दल तो अजून मला बोल लावतो.

निकाल मेमध्ये. गावातल्या कॉम्प्युटरच्या दुकानासमोर गर्दी, साइट उघडेना, मग कुणाच्या तरी पुण्यातल्या भावानं फोनवरून नंबर वाचून दाखवले. शाळेला शंभर टक्के हवे होते, ते मिळाले नाहीत. दोघं राहिले. जूनच्या पुरवणी परीक्षेला त्यातला एक पास झाला. दुसरा तोवर उद्यमबागेतल्या फाउंड्रीत लागला होता, पुन्हा बसलाच नाही. आज तो आमच्यात सगळ्यात आधी घर बांधलेला आहे. कन्नडमध्ये मात्र कोणी राहिलं नाही. सरांनी पेढे वाटले, आणि बेळगावात राहून पेढे का, म्हणून पोरांनी त्यांच्याकडून कुंदा उकळला.

त्यानंतर जे झालं ते आम्हाला कोणी आधी सांगितलं नव्हतं, आणि सगळी गोष्ट माझ्या मते तिथंच आहे. कर्नाटकात आमच्यासारख्यांचं मराठी माध्यम एसएसएलसीला संपतं. पुढं पीयूसी, म्हणजे अकरावी-बारावी. विज्ञानाला गेलं की सगळं इंग्रजीत. शहरातल्या काही कॉलेजांत मराठी हा भाषा विषय घेता येतो, तेवढाच. जूनमध्ये आम्ही सहाजण बेळगावात एका कॉलेजात विज्ञानाला गेलो. पहिल्या महिन्यात भौतिकशास्त्राच्या तासाला मला वाटायचं, मी चुकून दुसऱ्याच वर्गात बसलेय. जे सर शिकवत होते त्यातलं निम्मं मला येत होतं, पण ते येतंय हेच कळत नव्हतं. शहरातल्या इंग्रजी माध्यमाच्या मुली भराभर हात वर करायच्या. आमच्या सहाजणांतल्या एकीनं वहीची पानं मधोमध दुमडली, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी, आणि बसची वाट बघताना आम्ही ती वही फिरवून पाठ करायचो. दिवाळीपर्यंत गाडी रुळावर आली. दोघांना ते जमलं नाही, त्यांनी कला शाखा घेतली.

बाकीचे पांगले. तीन मुलं मराठा लाइट इन्फंट्रीत. त्यांचं केंद्र बेळगावातच, कॅम्पात, त्यामुळं लहानपणापासून भरतीची धावपळ बघितलेली. काही आयटीआय, काही मच्छे-उद्यमबागच्या कारखान्यांत. दोघीजणी लग्न होऊन चंदगड तालुक्यात, म्हणजे पाच-सात मैलांवर पण दुसऱ्या राज्यात. एक जण महाराष्ट्रात इंजिनिअरिंगला गेला. ८६५ गावांतल्या मराठी मुलांसाठी तिथं व्यावसायिक अभ्यासक्रमांत जागा राखीव असतात, त्या वाटेनं. कागद गोळा करताना त्याला गावच्या रहिवासाचा, मातृभाषेचा आणि शाळेचा पुरावा लागला. त्यात सगळ्यात आधी मागितलं ते एसएसएलसीचं मार्क्स कार्ड. त्यावर नाव दोन्ही लिप्यांत बरोबर होतं, म्हणून खेपा वाचल्या. हा तोच लाडाच्या नावाचा मुलगा.

आता यंदा एकत्र यायचं ठरतंय आणि तारखेवरून ग्रुपवर रणधुमाळी आहे. फौजेतल्यांच्या रजा जुळत नाहीत, चंदगडच्या दोघींना सुगी आटोपल्याशिवाय निघता येत नाही, मला लॅबमधून रविवारशिवाय सुट्टी नाही. सरांना, म्हणजे कन्नडच्या सरांना, फोन केला. त्यांची मराठी आता आमच्यापेक्षा चांगली झालीय. ते म्हणाले, "रविवारी येऊन काय बाकांना भेटणार? शनिवारी या. सकाळची शाळा असते, दहावीचा वर्ग असतो. तुमच्या वेळचं राहू दे, पीयूसीला गेल्यावर पहिल्या महिन्यात काय होतं ते पोरांना सांगा. मी सांगून त्यांना पटत नाही." तेव्हा शनिवारच धरलाय. विज्ञानाचं मी बोलणार, भरतीचं फौजेतला कोणी आला तर तो, आयटीआयचं आणि फाउंड्रीचं घर बांधलेला. मधोमध दुमडलेल्या वहीच्या झेरॉक्स काढायच्या ठरल्यात, पण वही जिच्याकडं होती ती म्हणते की ती तिनं पुढच्या बॅचला दिली, त्यांनी त्याच्या पुढच्या. सध्या कुठल्या गावात आहे ते हुडकायचं काम पाटलाकडं दिलंय.